पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणताना: आधी ब्रेक, मग इंजिन, रंग सगळ्यात शेवटी

जुनी छोटी गाडी घेऊन ती हळूहळू नीट करायची, रविवारी बाहेर काढायची आणि पुढची वीस वर्षं सांभाळायची, असं बऱ्याच जणांच्या मनात असतं. पहिली गाडी कोणती घ्यावी असं कोणी विचारलं की मी प्रीमियर पद्मिनीचं नाव घेतो.

त्याला कारणं आहेत. ही गाडी मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार व्हायची. १९६४ साली ती 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली, १९७२ नंतर काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ पासून 'पद्मिनी'. या शतकाच्या सुरुवातीला उत्पादन थांबलं, तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. इतकी वर्षं टॅक्सी म्हणून राबल्यामुळे तिचे सुटे भाग अजून मिळतात आणि तिचं इंजिन डोळे मिटून उघडणारे मिस्त्री अजून भेटतात. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं, कार्बोरेटरवालं. बॉनेट उघडलं की प्रत्येक वस्तू दिसते आणि हातही पोचतो. नट-बोल्ट मिलिमीटरच्या मापाचे, म्हणजे घरातला साधा पान्यांचा संच चालतो. अँबेसेडरला इंची पाने वेगळे घ्यावे लागतात.

त्याआधीची गोलमटोल फियाट, जिला मुंबईत सगळे 'डुक्कर फियाट' म्हणायचे, ती दिसायला कितीही गोड असली तरी पहिली गाडी म्हणून घेऊ नका. तिच्या काचा, दिवे, पट्ट्या शोधण्यात उमेदीची पहिली दोन वर्षं निघून जातात.

गाडी बघायला जाताना

सोबत एक छोटं लोहचुंबक, एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि टॉर्च न्या. इंजिन चालू करून दाखवायला मालक उत्सुक असेल. त्याला थोडं थांबवा आणि आधी गाडीखाली वाका.

पद्मिनीला वेगळी चासी नाही. खालचा पत्रा, दोन्ही बाजूंचे दारांखालचे पोकळ उंबरे आणि वरची बॉडी मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. त्यामुळे इथला गंज म्हणजे सांगाडाच कमकुवत होणं. मॅट उचलून फ्लोअर बघा. खालचा तागाचा किंवा नमद्याचा थर ओला असेल तर पाणी बऱ्याच दिवसांपासून आत येत आहे असं समजा. उंबऱ्यांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला पत्रा किंवा त्यावर भरलेली पुट्टी बद्द वाजते. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पुट्टीचा जाड थर आहे. बॅटरीची बैठक, डिकीतला स्टेपनीचा खड्डा, दारांच्या खालच्या कडा, हेडलाइटच्या मागचा पत्रा आणि मागचे पाटे जिथे बॉडीला बसतात त्या जागा एकेक करून तपासा. पाट्यांची जागा कुजलेली असेल तर नवख्याने ती गाडी सोडून द्यावी.

मुंबई, कोकण, गोवा इथल्या खाऱ्या हवेत राहिलेली गाडी आणि सोलापूर, लातूर, विदर्भाकडची गाडी यांत फार फरक असतो. कोरड्या भागातल्या गाडीचं रबर तडकलेलं असेल, डॅशबोर्ड फुटलेला असेल, सीटचं कापड विरलेलं असेल. पण पत्रा शाबूत असतो, आणि पत्र्याचं काम सगळ्यात महाग व सगळ्यात वेळखाऊ. इंजिन दमलेलं आणि पत्रा चांगला अशी गाडी एकीकडे, चकचकीत रंगाची पण खालून पोखरलेली गाडी दुसरीकडे, असा प्रश्न आला तर डोळे झाकून पहिली घ्या.

टॅक्सीची गाडी स्वस्तात मिळते. तिचे मैल मोजण्यापलीकडचे असतात आणि बहुतेकींत सीएनजी किट बसलेलं असतं. सुट्या भागांसाठी ती उत्तम, पण छंदाची पहिली गाडी म्हणून खासगी मालकाकडचीच शोधा.

कागद आधी, पैसे नंतर

आरसी मूळ हवी. तिच्यावरचा चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी स्वतः ताडून बघा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर ते दुरुस्त करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याकडे ठेवा. चाळीस वर्षांपूर्वीच्या कर्जाचा बोजा आरसीवर तसाच असतो, तोही आधी उतरवून घ्यायला सांगा. मूळ मालक हयात नसेल तर सगळ्या वारसांची संमती लागते. हा भाग कंटाळवाणा आहे, पण कागद नसलेली गाडी कितीही सुंदर असली तरी ती रस्त्यावर येत नाही.

खासगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते आणि पुढे दर ५ वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. नूतनीकरणाचं शुल्क अलीकडे बरंच वाढलं आहे, म्हणून व्यवहाराआधी चालू दर बघून घ्या. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवणं आवश्यक आहे. विमा आणि पीयूसी हे आलंच.

आता 'व्हिंटेज' नोंदणीबद्दल, कारण तिच्याविषयी बराच गैरसमज आहे. २०२१ साली केंद्राने यासाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी यात बसते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि नूतनीकरणाचं ५,००० रुपये, मुदत १० वर्षं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाड्या आता या वयात आल्या आहेत. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, देखभाल, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच ती बाहेर काढायची असते. तुम्हाला रविवारी सकाळी कुटुंबाला घेऊन पानशेतला जायचं असेल तर साधी नोंदणी चालू ठेवणंच बरं.

गाडी पूर्ण खोलू नका

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. गाडी घरी आली की हुरूप येतो. आठवड्याभरात सीट बाहेर, इंजिन बाहेर, दारं बाहेर, आणि सगळे भाग खोक्यांत. मग मिस्त्री गावाला जातो, पावसाळा लागतो, मुलांच्या परीक्षा येतात. दोन वर्षांनी कोणता बोल्ट कुठला हे आठवत नाही आणि गाडी भंगारवाल्याकडे जाते. अर्धवट खोललेल्या अवस्थेत विकायला निघालेल्या पद्मिनी तुम्हाला जागोजागी दिसतील. त्यातल्या बहुतेक याच वाटेने गेलेल्या असतात.

म्हणून एका वेळी एकच काम हातात घ्या, ते पूर्ण करा, गाडी चालवून बघा आणि मगच पुढच्या कामाला हात लावा. आधी गाडी थांबली पाहिजे, मग चालली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे, आणि दिसण्याचा नंबर त्यानंतर. चालती गाडी स्वतःच पुढचं काम सांगते. उभी गाडी फक्त जागा अडवते.

काहीही खोलण्याआधी मोबाइलवर चार बाजूंनी फोटो काढा. सुटे नट-बोल्ट छोट्या पिशव्यांत भरून त्यावर मार्करने नाव लिहा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर कधीही विसंबू नका. दोन जॅक स्टँड हीच पहिली खरेदी असू द्या. अग्निशामक सिलिंडर ही दुसरी. ८ ते १९ मिलिमीटरचे रिंग आणि फिक्स पाने, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टीमीटर, ग्रीस गन, प्लगचा पाना एवढ्यात पहिलं वर्ष सहज निघतं.

ब्रेक

चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. जुन्या गाड्यांत सगळ्या चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच मार्गाने तेल जातं. म्हणजे एक होजपाइप फुटला तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. दहा वर्षं उभ्या असलेल्या गाडीचा पेडल कडक लागला म्हणून समाधान मानू नका.

चारही ड्रम काढा. व्हील सिलिंडरच्या रबरी टोप्या उचलून आत ओल दिसते का बघा. दिसली तर किट बदला, आणि आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे असतील तर सिलिंडरच बदला. रबरी होज वरून चांगले दिसले तरी आतून फुगलेले असतात, त्यामुळे ते सगळे नवीन घ्या. लोखंडी पाइप जिथे बॉडीला क्लिपने धरलेले असतात तिथे गंजतात, ती जागा घासून बघा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती पूड हवेच्या पाइपने उडवू नका, मास्क लावून पाण्याने धुवा. मग नवं तेल भरून, मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून पाइपांतली हवा (एअर) काढा. ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या पावसाळ्यात तर जास्तच. दर दोन वर्षांनी ते बदलायचं असं कॅलेंडरवर लिहून ठेवा. हँडब्रेकही याच वेळी नीट करा, कारण मुख्य ब्रेक गेले तर तोच एक आधार.

इथेच टायरही बघा. रेषा खोल दिसल्या तरी बाजूच्या भिंतीला बारीक चिरा असतील तर टायर संपलेला आहे.

इंजिन जागं करणं

बरीच वर्षं बंद असलेलं इंजिन थेट सेल्फ मारून चालू करायचा मोह आवरा. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवा. फिरलं तर उत्तम. अडकलं तर जोर लावू नका, आणखी तेल सोडून आणखी वाट बघा.

ऑइलची काडी काढून रंग बघा. दुधाळ दिसत असेल तर ऑइलमध्ये पाणी गेलं आहे, म्हणजे हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उघडावं लागणार. ऑइल ठीक असेल तरी नवीन भरा. २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ग्रेडचं साधं मिनरल ऑइल या इंजिनाला मानवतं. जुनं पेट्रोल टाकीतून पूर्ण काढून टाका. पहिल्यांदा चालू करताना पेट्रोल वेगळ्या कॅनमधून, नव्या नळीने द्या, म्हणजे टाकीतला गंज कार्बोरेटरमध्ये जाणार नाही.

पद्मिनीचं इंजिन खरं मरतं ते उष्णतेने. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे गाडी एकदा जरी खूप तापली तरी हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. म्हणून रेडिएटर काढून दुकानात द्या, टाक्या उघडून नळ्या साफ करून घ्या. वॉटर पंपाच्या खालून पाणी ठिबकत असेल तर सील गेलं. ब्लॉकमधला गाळ उलट्या दिशेने पाणी सोडून काढा. साध्या नळाच्या पाण्याऐवजी कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घाला, कारण गंज आतूनच सुरू होतो. 'आपल्याकडे थंडी नाही, मग कूलंट कशाला' असं बरेच मिस्त्री म्हणतात. त्यांना नम्रपणे नाही म्हणा. हेड उघडावंच लागलं तर ते लेथवाल्याकडे नेऊन सरळ आहे का तपासा, गरजेपुरतंच फेसिंग करा (म्हणजे घासून सपाट करा) आणि व्हॉल्व्ह घासून घ्या.

आजचं पेट्रोल आणि जुनं रबर

पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. पद्मिनी तयार होत होती तेव्हा हे इंधन कोणाच्या डोक्यातही नव्हतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि मऊ करतं, टाकीत पाणी ओढून घेतं आणि उभ्या गाडीत गंज धरवतं. घाबरायचं कारण नाही, तयारी मात्र करावी लागते.

पेट्रोलची प्रत्येक रबरी नळी इथेनॉल चालणाऱ्या नव्या नळीने बदला. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरच्या किटमधली रबरं ताजी घ्या. टाकी आणि पंप यांच्यामध्ये पारदर्शक फिल्टर बसवा आणि सुरुवातीला दर आठवड्याला तो बघा. त्यात तांबूस पूड दिसली तर टाकी काढून आतून साफ करावी लागेल. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीत थोडंच पेट्रोल ठेवून ते जुनं करण्यापेक्षा ती जवळजवळ भरलेली ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते. कार्बोरेटर साफ करताना जेटमध्ये तार घालू नका. भोक किंचित जरी मोठं झालं तरी ट्युनिंग कधीच जमत नाही. क्लीनर आणि हवेचा दाब पुरेसा असतो.

उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये गाडी बंद पडली आणि दहा मिनिटांनी आपोआप चालू झाली, तर पेट्रोल पंपातच वाफ झाली असं समजा. जुने टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे. उपाय आजही लागू पडतो.

करंट

इंजिन अडखळतं तेव्हा बहुतेक जण कार्बोरेटरवर संशय घेतात. आधी पॉइंट बघा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क. डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडून पॉइंटचे काळवंडलेले तोंड बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पूर्ण उघडलेल्या अवस्थेत फिलर गेजने फट मोजून मॅन्युअलमधल्या मापावर आणा, आणि कॅमवर ग्रीसचा छोटा ठिपका लावा. फट बदलली की टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) बदलतं, म्हणून टायमिंग नेहमी नंतर लावायचं. फायरिंगचा क्रम १-३-४-२ आहे. प्लगच्या वायरी काढताना त्यांना नंबर द्या.

विजेच्या निम्म्या तक्रारी अर्थिंगच्या असतात. दिवा मंद, काटा नाचतो, सेल्फ कण्हतो. बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनला जाणाऱ्या पट्ट्या काढा, खालचा रंग-गंज घासून चकचकीत पत्र्यावर पुन्हा घट्ट बसवा. वायरिंगचं आवरण हाताने वाकवल्यावर तडकत असेल तर पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) बदला. जोडांवर चिकटपट्टी गुंडाळत राहिल्याने एक दिवस आग लागते.

पत्रा आणि रंग

गाडी दोन-तीन महिने बिनतक्रार चालली की मगच टिंकरकडे, म्हणजे पत्र्याचं काम करणाऱ्याकडे जा. कुजलेला भाग कापून त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड करायचा, त्यावर दुसरा पत्रा ठिगळासारखा लावायचा नाही. दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी राहतं आणि तीन पावसाळ्यांत पुन्हा भोक पडतं. उंबरे कापायचे असतील तर एका वेळी एकच बाजू घ्या. दारं जागेवर ठेवून किंवा आतून लोखंडी आडव्या पट्ट्यांचा आधार देऊन मगच कापा. तसं केलं नाही तर बॉडी खचते आणि दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. टिंकरला हे आधी विचारा. त्याने स्वतःहून आधाराचा विषय काढला तर माणूस जाणकार आहे.

उघडा पत्रा रात्रभर तसाच ठेवू नका. किनारपट्टीवर सकाळपर्यंत त्यावर तांबूस थर येतो. त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर हवा. रंगाचं काम दिवाळीनंतर ते होळीपर्यंत उरका, पावसाळ्यात तर नकोच. पूर्वी ड्युको रंग असायचा, त्याची चमक मऊ आणि खोल. आता मिळणारा टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचा) जास्त टिकतो. मूळ छटा हवी असेल तर डॅशबोर्डच्या खाली किंवा डिकीच्या झाकणाच्या आत, ऊन न लागलेल्या जागी जुना रंग शोधून त्यावरून मिसळून घ्या. रंग झाल्यावर उंबऱ्यांच्या आत आणि दारांच्या पोकळीत पातळ वॅक्स फवारा आणि खालची पाणी जाण्याची भोकं मोकळी ठेवा. रंगारी ती हमखास बुजवतात.

सुटे भाग आणि मिस्त्री

मुंबईत कुर्ला आणि चोर बाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार इथे फिरायची सवय ठेवा. जुना भाग हातात घेऊन जा, नावावर आणू नका. जुन्या दुकानात पडून राहिलेला मूळ कंपनीचा धातूचा भाग मिळाला तर लगेच घ्या. रबराचं मात्र उलटं आहे. पाकिटबंद असलं तरी पंचवीस वर्षांचं सील कडक झालेलं असतं, ते ताजंच घ्यावं. आणि नवा भाग बसून गाडी चालेपर्यंत जुना फेकू नका. बंपर, मोनोग्राम, हबकॅप, हँडल या क्रोमच्या वस्तू कितीही काळवंडल्या तरी टाकायच्या नाहीत. नव्याने केलेल्या वस्तूंना तो पत्र्याचा जाडपणा नसतो.

या गाडीवर आयुष्य घालवलेले मिस्त्री आता साठी-सत्तरीत आहेत. स्टेअरिंगखालच्या हँडगिअरच्या लिंका कशा बसवायच्या, किंगपिनचा बुश किती घट्ट हवा, हे त्यांच्या बोटांत आहे आणि ते कुठेही नीट लिहिलेलं नाही. असा माणूस सापडला तर त्याची घाई करू नका, मोल करताना हात आखडू नका, आणि तो काम करत असताना शेजारी उभं राहून प्रश्न विचारा. परवानगी घेऊन व्हिडिओ काढा. त्यांच्या हाताखाली शिकणारी मुलं आता फारशी उरलेली नाहीत. त्यांची जागा तुम्हीच घ्यायची आहे.

पुढची देखभाल

दर आठवड्याला किंवा किमान पंधरा दिवसांतून एकदा गाडी बाहेर काढा आणि अर्धा तास तरी चालवा. जागेवर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवल्याने ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि ब्रेकही फिरत नाहीत. पुढच्या सस्पेन्शनचे ग्रीस निपल दर दोन-तीन हजार किलोमीटरला भरा, ऑइल वर्षातून एकदा बदला, गाडी कमी चालली असली तरी.

पावसाळ्यात प्लॅस्टिकची ताडपत्री घालू नका, आतून घाम धरतो. हवा खेळणारं सुती कव्हर आणि डोक्यावर छप्पर हवं. काचा बोटभर उघड्या, मॅट काढून ठेवलेले, हँडब्रेक सोडलेला आणि चाकांना लाकडी ठोकळे, कारण ओढून ठेवलेला हँडब्रेक चार महिन्यांत ड्रमला चिकटतो. बॅटरीची अर्थिंगची वायर काढून ठेवा. बॉनेटखाली उंदरांची लक्षणं आठवड्यातून एकदा बघा, वायरिंग त्यांना फार आवडतं.

पहिल्या लांबच्या फेरीला घाट नको. शहराभोवती पन्नास-साठ किलोमीटर सपाट रस्त्यावर जा, मध्ये थांबून चारही ड्रमजवळ हात धरून बघा. एखादं चाक जास्त गरम लागलं तर तिथला ब्रेक धरून राहतोय. पाण्याचा काटा, ऑइलचा दिवा आणि गाडीखालची जमीन, तिन्हीकडे लक्ष ठेवा. डिकीत फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सरचा जोड, एक होज, क्लिपा, फ्यूज, पाच लिटर पाणी आणि पाने असू द्या. अशा दोन-तीन फेऱ्या नीट झाल्या की मग बोरघाट. पहाटे निघा, चढावर दुसऱ्या गिअरमध्ये डाव्या बाजूने निवांत चढा, आणि काटा वर सरकायला लागला तर थांबून बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण मात्र गाडी पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचं नाही.